तोंड तेवढं चालत होतं

युसूफ वडगाव
१५ जून २०२५

वनिता,

हे पत्र रतनअक्काच्या हातचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. माझी बोटं अजून पेन धरत नाहीत. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी तो माझ्या कानाशी कुणीतरी धरून बसावं लागतं. म्हणून पत्र.

तब्येत सुधारत आहे. खांदे उचलता येतात. उजवा कोपर गादीवरून वर येतो. केजहून हरिओम म्हणून फिजिओथेरपिस्ट येतात, चांगले आहेत. बाकी सर्व व्यवस्थित.

सायलीला तिकडे कुणी विचारलं की वडिलांना काय झालंय, तर तिनं लकवा म्हणू नये. शेजारीपाजारी लकवाच म्हणतात, मला ऐकवत नाही. लकव्यात मेंदूला इजा होते. माझा मेंदू शाबूत आहे, मेरुरज्जूही शाबूत आहे. बिघाड झाला तो त्यांच्यापासून निघून हातापायांत पसरणाऱ्या चेतांमध्ये. प्रत्येक चेतातंतूवर मायलिन नावाचं आवरण असतं, वायरवर असावं तसं. त्या आवरणामुळे निरोप सेकंदाला शंभर मीटर इतक्या वेगानंसुद्धा धावतो. जानेवारीत मला ताप आणि जुलाब झाले होते, आठवतं ना? तेव्हा अंगातली रोगाशी लढणारी यंत्रणा चुकली आणि जंतूंऐवजी या आवरणावरच तुटून पडली. या आजाराला जीबीएस म्हणतात. सायलीनं तेवढंच सांगावं, जीबीएस. तिचे वडील विज्ञानाचे शिक्षक आहेत, तिला एवढं सांगता आलं पाहिजे.

तुझा प्रवीणदादा येऊन गेला. सायलीचा शाळेचा दाखला मागत होता. आमचे मुख्याध्यापक सर्जेराव सर सध्या रजेवर आहेत. ते आले की बघू. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी गेलं म्हणून कुणी मुलीची शाळा बदलत नाही.

मे महिन्यात त्या दिवशी जे झालं ते उकाड्यानं झालं. माणसाची चिडचिड होते. त्यावरून एवढं धरून बसू नये.

राधाकिशन

वनिता, आता ह्ये माझं. त्याला वाचून दाखवताना मी वरपातूरच वाचणार हाय. बाकी सर्व व्यवस्थित असं त्यानं सांगितलं तवा मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, त्यानं भिंतीकडं बघितलं. लघवीची नळी निघालीय ते खरं. पर भांडं मागायचं म्हणलं की तो मागत न्हाई. मी समोर असले तर दात दाबून पडून ऱ्हातो. शेजारच्या हरिबाची वाट बघतो, आन हरिबा रानात गेलेला असला की मग व्हायचं ते व्हतं. लहानपणी मीच धुतलाय त्याला. आता मला लाजतो. तू कशापायी गेलीस ते मला कुणीच सांगीना. हा म्हणतो उकाड्यानं.

— रतनअक्का


२० जुलै २०२५

वनिता,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. पोस्टाचं हल्ली काही सांगता येत नाही.

आता मागं उशा लावल्या की बसतो. उजव्या हाताची मूठ निम्मी वळते. पायांचं मात्र अजून काही नाही. आजार पायांपासून सुरू झाला तेव्हाही मी तुला सांगितलं होतं की पायाच्या बोटांना जाणाऱ्या चेता सगळ्यांत लांब असतात, कमरेपासून थेट अंगठ्यापर्यंत. म्हणून त्यांना इजा आधी जाणवते आणि त्या सुधारतातही सगळ्यांत शेवटी. तेव्हा तू म्हणालीस, 'धडा नंतर शिकवा, आधी गाडीत बसा.' बसलो, पण बसताना तुझ्याच खांद्यावर पडलो.

हरिओम रबरी हातोडी घेऊन येतात. गुडघ्याखाली मारतात. मी पाय उडायची वाट बघतो, पाय उडत नाही. दरवर्षी नववीच्या वर्गात मी हे करून दाखवायचो, तू डबा द्यायला आलीस तेव्हा एकदा खिडकीतून पाहिलंही होतंस. एका मुलाला टेबलाच्या कडेला पाय लोंबते सोडून बसवायचं आणि डस्टरच्या कडेनं गुडघ्याखाली टिचकी मारायची. निरोप मेरुरज्जूपर्यंत जातो, आज्ञा तिथूनच फिरते, मेंदूला मागाहून कळतं. प्रतिक्षिप्त क्रिया. पाय उडाला की वर्ग हसायचा आणि तो मुलगा लाजून लाल व्हायचा. मी म्हणायचो, 'अरे, लाजतोस काय? तो तू उडवलेलाच नाहीस.'

सर्जेराव सर अजून रजेवर आहेत.

त्या दिवसाबद्दल एक सांगायचं आहे. वर्गातली मुलं भेटायला आली तेव्हा वेळ अशी होती की मी... अक्का, हे लिहू नको. खोड ते.

राधाकिशन

खोडत न्हाई. हेडमास्तर काल घरी येऊन च्या पिऊन गेलते. रजेवर बिजेवर कुटं न्हाईत. दाखला तयार करून ठिवतो म्हणले, फक्त बापाच्या सहीचा अर्ज पायजे. ह्यो म्हणला, माझा हात चालत न्हाई, सही कशी करू? हेडमास्तर म्हणले, अंगठा चालंल. तर ह्याचं तोंड असं झालं जसं कुणी मुस्काटात मारली. पंचवीस वर्सं दुसऱ्यांच्या सह्या तपासणारा माणूस. अंगठा दिला न्हाई त्यानं. मला वाटतं अंगठ्याची लाज एक, आन दाखला गेला की तू येत न्हाईस ह्याची भीती दोन.

तो रोज मला इचारतो, पोस्टमन आलता का. मी इचारलं तर म्हणतो, शाळेचा कागद यायचाय.


५ सप्टेंबर २०२५

वनिता

मी लिहितोय. अक्षर बघून हसू नको. पेनाला कापडाची पट्टी गुंडाळून जाड केलंय. चार ओळींनी हात थकतो.

सोबत सायलीचा दाखला आणि त्यासाठी शाळेत दिलेल्या अर्जाची झेरॉक्स, दोन्ही आहे. अर्ज मी लिहिला. आजारानंतर माझ्या हातानं लिहिलेली ही पहिली गोष्ट. मुख्याध्यापक कधीच रजेवर नव्हते.

आज शिक्षक दिन. मुलांनी मला न्यायला रिक्षा पाठवली होती. परत पाठवली.

उद्या पुढचं लिहीन.

रा.


१२ ऑक्टोबर २०२५

वनिता,

उद्या लिहीन म्हणालो आणि इतके दिवस गेले. हात थकतो हे खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. आता हात बरा चालतो. वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत जातो. डावं पाऊल उचललं की पुढचा भाग खाली लोंबतो, फरशीला घासतो; त्यासाठी पट्टा दिलाय. रतनअक्का स्वयंपाकघरात आहे आणि हे पत्र तिला दाखवणार नाही.

आधी दवाखान्यातलं सांगतो.

संभाजीनगरला श्वासाच्या मशीनवर ठेवलं तेव्हा गळ्यातून नळी होती, बोलता येत नव्हतं. हात नाही, पाय नाही, चेहऱ्यावरची माशी उडवता येत नव्हती. पापण्या तेवढ्या हलत. डॉक्टर मॅडमनी तुला शिकवलं होतं, एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. लोकांना वाटायचं मी बेशुद्ध आहे. तुझ्या मामांनी माझ्या उशाशी उभं राहून माझ्या जागी सायलीला शाळेत शिपायाची नोकरी लागेल का याची चौकशी केली. मी सगळं ऐकत होतो. मेंदू कामात होता, कान कामात होते. बाहेर जाणारा रस्ता तेवढा बंद होता.

आणि तू बोलायचीस. आत सोडायचे तेवढा वेळ स्टुलावर बसून बोलायचीस. गोदावरीच्या वाळवंटात लहानपणी टरबुजाच्या वाड्या असायच्या ते. बारावीनंतर तुला डी.एड. करायचं होतं, फॉर्म आणलाही होता, तेवढ्यात माझं स्थळ आलं, ते. हे मला माहीतच नव्हतं. सायली पोटात असताना तू एकदा घरातून निघून स्टँडपर्यंत गेली होतीस आणि बसमध्ये न बसता परत आलीस, तेही. इतक्या वर्षांत तू मला यातलं काहीच सांगितलं नव्हतंस, असं मला वाटलं. मग आठवलं, की तू सांगायला सुरुवात करायचीस. 'पानी' म्हणालीस की मी 'पाणी' म्हणायचो. 'व्हतं' म्हणालीस की 'होतं' म्हणायचो. पाहुण्यांसमोरसुद्धा. दोन दुरुस्त्या झाल्या की तू उठून चुलीकडे जायचीस, आणि मला वाटायचं बोलणं संपलं.

एकदा तू विचारलंस, 'मी बोललेलं चालतंय का?' मला एकदा पापण्या मिटायच्या होत्या, एवढंच काम. मी त्या मिटल्या आणि मिटूनच ठेवल्या. झोपल्याचं सोंग घेतलं. त्यानंतर तू आलीस की रोज घेतलं. तुझं ऐकून मला माझीच एवढी लाज वाटत होती की तुझ्याकडे बघवत नव्हतं. तुला वाटलं असेल, याला बायकोचं ऐकायचंच नाही.

आता मे महिना.

उकाड्यानं काही झालं नव्हतं. नववीची मुलं भेटायला आली. शिवकन्या पुढे, हातात पुष्पगुच्छ. ती दारात आली आणि त्याच वेळी माझं अंथरुणात झालं. मला कळलं, थांबवता आलं नाही. तुला लगेच कळलं. तू काही न बोलता चादर माझ्या कमरेवर ओढलीस आणि पोरांना म्हणालीस, 'या, बसा, सरांना पानी पाजते.' तू मला झाकत होतीस. मुलांचं लक्ष पेल्याकडे जावं म्हणून तू पेला उचललास, हे मला तेव्हाही कळत होतं. पण वास आला होता. मागच्या एका मुलानं रुमाल नाकाला लावलेला मी पाहिला. तू पेला तोंडाला लावलास. मी घोट घेतला आणि तुझ्या तोंडावर थुंकलो. आणि म्हणालो, 'तुला मजा येते माझी फजिती बघायला. मी असाच पडून राहावं असं वाटतं तुला.'

सायली दारात उभी होती.

तेव्हा माझे हात चालत नव्हते, पाय चालत नव्हते, पोटावर ताबा नव्हता. चेहऱ्याच्या आणि जिभेच्या चेता मेंदूला जवळ, त्या आधी बऱ्या झाल्या होत्या. तोंड तेवढं चालत होतं. ते मी यासाठी वापरलं.

वनिता, मी मुलांना सांगायचो, जे तू केलेलंच नाहीस त्याची लाज कसली. आतडं, मूत्राशय, हृदयाचे ठोके, घाम, हे स्वायत्त चेतासंस्थेकडे असतं, आपल्या इच्छेवर नसतं, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय. तरी अंथरूण खराब झालं त्याची लाज मी महिनोन् महिने उराशी धरली. त्या लाजेपायी अक्काला जवळ येऊ दिलं नाही, हरिबाची वाट बघत घाणीत पडून राहिलो. आणि जे माझ्या इच्छेनं झालं होतं, एक घोट, एक थुंकणं, दोन वाक्यं, त्याला मी उकाडा म्हणत राहिलो.

परवा मी शाळेत गेलो. त्याच मुलांच्या वर्गात, ती आता दहावीत आहेत. हरिबानं रिक्षातून उतरवलं, व्हीलचेअर ढकलत नेलं. सर्जेराव सर म्हणाले, सर, दोन शब्द बोला. मला वाटलं होतं सगळं पाठ आहे. ते पाठ केलेलं बाजूला ठेवलं. मी म्हणालो, 'मे महिन्यात तुम्ही माझ्या घरी आलात, तेव्हा मी सायलीच्या आईला तुमच्यासमोर वाईट बोललो. ती मला सांभाळत होती. ती जे करत होती त्यातलं काहीच चूक नव्हतं. चूक माझी होती. तुमच्यासमोर बोललो होतो, म्हणून तुमच्यासमोर सांगतोय.'

मग शिवकन्या उठली. तुला माहीत आहे, ती कधीच उठून बोलत नाही. म्हणाली, 'सर, आमी बाहेर गेल्यावर कुणीच हसलं न्हाई. आमच्या घरी आजी हाय अंथरुणावर, मला वासाचं काई न्हाई वाटलं. बाईंचं वाटलं. बाई ओल्या तोंडानं आमाला चहा घ्यायला थांबा म्हणत होत्या.'

ते मला माहीत नव्हतं. तू चहाला थांबा म्हणालीस. मी तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

मग मुलं म्हणाली, सर, काहीतरी शिकवा. मी काहीच शिकवलं नाही. माझे कान इतके तापले होते की मला तेवढंच जाणवत होतं. घरी आणलं हरिबानं. अक्कानं दारातच विचारलं, 'काय झालं?' मी म्हणालो, 'भांडं आण.' तिनं आणलं. पहिल्यांदाच तिच्याकडे मागितलं.

मी तुला परत ये म्हणत नाही. ते म्हणायचं तोंड नाही मला. तू जे बोलत होतीस, त्यातलं स्टँडवरून परत आल्याचं बोलणं अर्धंच राहिलं होतं. नर्सनं वेळ संपली म्हणून तुला उठवलं. त्यापुढचं मला ऐकायचं होतं, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

राधाकिशन


गेवराई
२ नोव्हेंबर २०२५

सायलीच्या पप्पांना,

तुमची समदी पत्रं मिळाली. अक्कांचंबी त्यात मिळालं. ह्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका असतील. लाल पेन घेऊ नका.

दाखला मिळाला. सायलीचं नाव इथल्या शाळेत घातलंय. तुमच्या अर्जाची झेरॉक्स तिनं आपल्याजवळ जपून ठेवली. मी विचारलं, कशाला? म्हणली, पप्पांचं अक्षर असं वाकडं मी कधी बघितलं न्हाई. मग रडली. मी मारलं न्हाई, रागावलेबी न्हाई. रडू दिलं.

तुम्ही लिहिलंत की झोपायचं सोंग घेत होतात. मला ठाऊक होतं. तुमच्या डोक्याशी ती मशीन होती, ठोक्यांचा आकडा दाखवायची. मी बोलायला लागले की तो वर जायचा. डॉक्टर मॅडमला विचारलं तर त्या म्हणल्या, ह्या आजारात आकडा आपोआपबी वरखाली होतो, त्यावरून काही समजू नका. पर नर्स बोलली, मामा बोलले, तरी तो तसा चढायचा न्हाई. माझ्याच बोलण्याला चढायचा. म्हणजे हा माणूस ऐकतोय आणि ह्याला त्रास होतोय, एवढं मला कळत होतं. तरी मी थांबले न्हाई. कावून थांबले न्हाई, ते सांगायला हे पत्र लिहितेय. तुमच्या पत्राला उत्तर म्हणून न्हाई.

तुम्हाला मला अडवता येत न्हवतं म्हणून मी बोलले.

लग्नापासून पहिल्यांदा माझं वाक्य शेवटपर्यंत जात होतं. 'पानी' म्हणलं तर पानीच राहत होतं. तुम्ही मशीनवर, बाहेर सायली रडतेय, अक्का नवस बोलतायत, आणि मी दवाखान्यातल्या गणपतीसमोर हात जोडून म्हणायचे, ह्यांना बरं कर. आणि त्याच वेळी आतून एक बारीक आवाज म्हणायचा, पर सावकाश. रोज म्हणायचा. मी तो ऐकायचे आणि आत जाऊन स्टुलावर बसायचे.

घरी आणल्यावर तुमचा आवाज परत आला. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणलात, 'चादर सरळ घाल.' मला आनंद व्हायला पाहिजे होता. डॉक्टर म्हणले होते तोंड आधी सुधारतंय म्हणजे चांगली खूण हाय. मी चादर सरळ घातली आणि मोरीत जाऊन उभी राहिले.

आता तो मे महिना. तुम्ही थुंकलात त्याचं मला वाईट वाटलं. पोरांसमोर, सायलीसमोर, लईच वाईट वाटलं. पर त्यानं मी घर सोडलं न्हाई. पानी पदरानं पुसलं, चहा ठेवला. मी गेले ते तुमच्या बोलण्यानं. तुम्ही म्हणलात, 'मी असाच पडून राहावं असं वाटतं तुला.' मला वाटलं, ह्यांनी तो आवाज ऐकला. पापण्या मिटून पडल्या पडल्या ह्यांनी माझ्या आतलं समदं ऐकलं. निम्मं तर खरंच होतं. त्याच्यावर मी भांडू कशी? म्हणून बॅग भरली.

तुमची घाण काढताना मला एक दिवस शिसारी आली न्हाई. देवाशपथ सांगते. शिसारी आली ती माझ्या मनाची आली.

इथं आल्यावर आईनं विचारलं, काय केलं जावयांनी? मी म्हणलं, तोंडावर थुंकले. तेवढंच सांगितलं. मग समदे तुमच्यावर चिडले. प्रवीणदादा तर मारायला निघाला होता, म्हणाला, पडलेल्या माणसाला मारता येत न्हाई म्हणून सोडतो. मी गप बसले. समदा दोष तुमच्या एकट्यावर टाकून इतके महिने जेवले, झोपले. तुमचं ऑक्टोबरचं पत्र आलं तेव्हा प्रवीणदादानं विचारलं, माफी मागितली का? मी म्हणलं, मागितली. त्यानं विचारलं, मग आता रडतीस कशाला? त्याला काय सांगू.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर आईला आणि दादाला बसवून समदं सांगितलं, जसं तुम्हाला लिहिलंय तसं. दादा उठून बाहेर गेला. मग आई म्हणली, 'तुझे वडील वर्षभर खाटेवर होते, तेव्हा मलाबी घरात शांत वाटायचं.' एवढं म्हणून ती भांडी घासायला गेली. आईनं हे आजवर कुणाला सांगितलं नसंल.

मी इथं बालवाडीत जाते. बाईंना मदतीला. पोरं मध्येच बोलतात, माझ्या अंगावर चढतात, पर माझं बोलणं कुणी दुरुस्त करीत न्हाई. हे काम मला सोडायचं न्हाई. सायलीचं वर्ष पुरं होईपर्यंत ती इथंच राहील. वडगावला परत येईन का, ते आज सांगत न्हाई. तुम्हाला झुलवायचं म्हणून न्हाई. मलाच ठाऊक न्हाई.

स्टँडचं तुम्ही विचारलंत. ते पत्रात सांगण्यासारखं न्हाई. समोर बसून सांगेन.

अक्कांनी फोनवर सायलीला सांगितलं की तुम्ही वॉकरनं अंगणापर्यंत जाता आता. तर एखाद्या रविवारी या. हरिबामामांना सोबत घ्या, केजला आणि बीडला गाडी बदलायची आहे. मध्ये कुठं लघवीची अडचण आली तर मामांना सांगा, अडवून ठेवू नका. मी गेवराईच्या स्टँडवर थांबते. बसच्या पायऱ्या उंच असतात, तुमचं डावं पाऊल अडकंल. मी खाली उभी राहून तुम्हाला धरून उतरवीन. रविवार म्हणजे बाजाराला आलेली माझ्या माहेरची लई माणसं स्टँडवर असतात, समदी बघतील. तुम्हाला लाज वाटंल. मलाबी वाटंल, त्यांना दादानं काय काय सांगितलंय कुणास ठाऊक. वाटू द्या. पर माझा हात सोडवून घेऊ नका.

वनिता